दोन घरांचा कॉर्नेट

मित्रांनो, लग्नात बँडच्या पुढे गाल फुगवून पितळी वाजा फुंकणारा माणूस तुम्ही पाहिला असेल. त्याच्या हातातला कॉर्नेट म्हणजे मी. आता म्हातारा झालो आहे, अंगाला पोचे पडले आहेत, पण आवाज अजून खणखणीत आहे.

मुंबईच्या एका दुकानातून मला वसईजवळच्या सांडोर गावात आणलं बस्त्यावने. एरवी तो केळीच्या बागेला पाणी लावायचा आणि लग्नसराईत मला वाजवायचा. बस्त्याव आला म्हणजे नवरीची आई रडायला मोकळी, असं लोक म्हणत. १९४० साली तो तापाने गेला आणि त्याच्या बायकोने, सालोमीने, मला पेटीत ठेवलं.

दर ईस्टरला ती मला चिंचेने घासून लखलखीत करी. माझा माउथपीस, म्हणजे ओठ लावून फुंकायची लहानशी वाटी, तेवढी तिने कधी घासली नाही. ती बस्त्यावच्या रुमालात वेगळी गुंडाळलेली होती. त्याची शेवटची फुंकर तिच्यात सुकली होती. सालोमी कधी कधी रुमाल सोडून नुसती बघत बसे. मला तो वेडेपणा वाटे. आठ वर्षं पेटीत पडून राहिलं की कुणाचाही स्वभाव किरकिरा होतो.

मग १९४८ च्या नोव्हेंबरात मोठं वादळ आलं. वसईच्या किनाऱ्यावर पाचूबंदरच्या कोळ्यांची घरं पडली, होड्या फुटल्या आणि त्यांच्या बँडची सगळी वाद्यं समुद्राने नेली. बँडमध्ये बर्नार्ड कॉर्नेट वाजवी. त्याचा धाकटा भाऊ हिलरी होडी बांधायला गेला, तो बुडाला. त्या वस्तीत बँड मयताला वाजवत कबरीपर्यंत पोचवतो. हिलरीला मात्र एकही सूर न वाजता मातीत ठेवावं लागलं. वर्षाच्या मिस्सेला, म्हणजे वर्ष भरल्यावरच्या प्रार्थनेला तरी, त्याच्या कबरीवर वाजवायचं, एवढा एकच ध्यास बर्नार्डने धरला.

फादरांनी गावोगाव सांगितलं, घरात पडून असलेली वाद्यं या लोकांना द्या. कुणी ढोल दिला, कुणी व्हायोलिन. सालोमीने मला दिलं. माउथपीस तेवढा ठेवून घेतला.

मला हातात घेताना बर्नार्डचे डोळे भरून आले. मग त्याने मला उलटंसुलटं करून पाहिलं आणि माउथपीस नाही हे त्याच्या लक्षात आलं. मी जुन्या घडणीचा, त्यामुळे मुंबईतही माझ्या मापाचा माउथपीस मिळेना. शेवटी तो सांडोरला सालोमीच्या दारी गेला. त्याने काही मागितलं नाही, नुसतं हिलरीबद्दल सांगितलं. सालोमीने त्याला चहा दिला.

मिस्सेच्या दिवशी बर्नार्ड मला माउथपीसविनाच घेऊन कबरीपाशी उभा होता. तेवढ्यात गर्दीतून सालोमी पुढे आली. सांडोरहून चालत आली होती ती. तिने रुमाल सोडला आणि माउथपीस त्याच्या तळहातावर ठेवला.

बर्नार्डने तो दोन बोटांत उचलला. आणि मग त्याने तेच केलं, जे कॉर्नेट वाजवणारा दरवेळी वाजवण्याआधी सवयीने करतो. सदऱ्याच्या टोकाने त्याने माउथपीस आतून-बाहेरून खसखसून पुसला.

सालोमीचा हात पुढे आला आणि तसाच राहिला. तिचा चेहरा पाहून बर्नार्डला उमगलं, आपण तिचं काहीतरी पुसून टाकलं.

"बाय, मना म्हायत नव्हतं," तो म्हणाला.

तिने हात मागे घेतला. मग म्हणाली, "वाजव. तुझ्या भावाला तसाच नेला. आता तरी वाजव."

त्याने वाजवलं. पहिले सूर फाटले, मग जमले. हिलरीची आई मोठ्याने रडू लागली. मित्रांनो, नऊ वर्षांनी मला आवाज फुटला होता, मला आनंद व्हायला हवा होता. पण मी सालोमीकडे पाहत होतो. ती रिकाम्या रुमालाची घडी घालत होती, मोडत होती, पुन्हा घालत होती. माझ्या गळ्यातून त्या दिवशी निघालं ते माझंच रडणं होतं.

म्हणून सांगतो, कुणी आपली वस्तू तुम्हाला दिली तर ती घासूनपुसून लगेच आपली करू नका. आधी विचारा, तुमचं यात काही राहिलं आहे का? बर्नार्डने विचारलं असतं, तर सालोमीने सांगितलं असतं आणि त्याने मला तसंच ओठांना लावलं असतं.

तेव्हापासून तो वाजवण्याआधी मला पुसत नाही. पण आता त्याचा काय उपयोग?