टॉम्स्कचं पडवळ

आपला माणूस कुठेही निघाला की त्याच्या बॅगेत दुसऱ्याचं काहीतरी जातंच. अमेरिकेतल्या आमच्या ॲन आर्बरहून कुणी पुण्याला निघालं, की आदल्या दिवशी दारात चारपाच मंडळी उभी राहतात आणि प्रत्येकाच्या हातात ‘अगदी छोटंसं’ पार्सल असतं. मागच्या खेपेला मी एक मिक्सर, दोन डझन व्हिटॅमिनच्या बाटल्या आणि कुणाच्या तरी सासूबाईंचा गुडघ्याचा पट्टा वाहून नेला होता. माझे स्वतःचे शर्ट हातातल्या पिशवीत होते. त्यामुळे १९८९च्या सप्टेंबरात सायबेरियातल्या टॉम्स्क शहरी एका परिषदेला जायचं ठरलं, तेव्हा मला पहिला आनंद झाला तो हा, की टॉम्स्कमध्ये कुणाचीही सासू राहत नाही.

मी हवेतल्या धुळीचा अभ्यास करतो. घरात तीच धूळ पुसायला सांगितली की मला काम आठवतं, असं माझी बायको विनीता सगळ्यांना सांगत असते. टॉम्स्कला परदेशी माणसाला सहसा जाऊ देत नसत. आठ महिने कागद फिरले आणि शेवटी चार दिवसांचा परवाना मिळाला. निघायच्या दोन दिवस आधी वसुधाकाकूंचा फोन आला.

‘श्रीरंग, जरा येऊन जा. एक पार्सल आहे.’

‘काकू, मी इंडियाला नाही चाललोय.’

‘ठाऊक आहे मला. पार्सल टॉम्स्कचंच आहे.’

वसुधाकाकू आणि बाळकाका दामले म्हणजे आमच्या गावातलं पहिलं मराठी घर. काका युनिव्हर्सिटीत बॉटनी शिकवायचे. आम्ही सगळे विद्यार्थी म्हणून आलो तेव्हा पहिला वरणभात त्यांच्याकडे जेवलो. त्यांच्या बॅकयार्डात दर उन्हाळ्यात पडवळाचा मांडव असे. बी काकूंच्या आईने धारवाडहून पदराच्या गाठीत बांधून दिलेलं, कस्टमवाल्याच्या नाकाखालून आणलेलं. पडवळ सरळ वाढावं म्हणून काकू प्रत्येकाच्या टोकाला सुतळीने दगड बांधायच्या. शेजारचे अमेरिकन फिरायला निघाले की कुंपणापाशी थांबून ते लोंबते दगड बघत राहायचे. भाजी काकू सगळ्यांना वाटत, पण बी कुणालाही देत नसत. विनीताने तीनदा मागून पाहिलं. ‘भाजी ने हवी तेवढी. बी मागू नकोस, ते माझ्या आईचं आहे,’ हे उत्तर तीनदा मिळालं. काका मात्र पडवळाला हात लावत नसत, त्यांना वास आवडायचा नाही. तरी दर मे महिन्यात मांडव तेच घालायचे. तीन वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत, ते गेले.

मी गेलो तेव्हा घरापुढे ‘फॉर सेल’ची पाटी होती. मुलगा रवी बर्फ न पडणाऱ्या क्युपर्टिनोला, एकटीने इथे बर्फ उपसत बसू नकोस असा त्याचा धोशा होता. काकूंनी स्वयंपाकघराच्या टेबलावर बुटांचा एक खोका ठेवला.

‘यांच्या ऑफिसातून निघालं. डिपार्टमेंटने कॅबिनेट रिकामं करायला सांगितलं ना, तेव्हा. अठरा पत्रं आहेत. दर वर्षी एक. सगळी रशियनमध्ये.’

‘कुणाची?’

‘गालिना नावाची बाई आहे. तिथल्या युनिव्हर्सिटीच्या बागेत असते. पाकिटावर इंग्लिशमध्ये पत्ता आहे.’

‘अहो काकू, बॉटनीची माणसं एकमेकांना लिहितातच. बियांची देवाणघेवाण चालते त्यांची.’

‘प्रत्येक पत्रात एक वाळवलेलं फूल आहे, श्रीरंग.’

मी खोक्याचं झाकण उचललं आणि परत ठेवून दिलं.

‘चाळिशीत रशियन शिकला हा माणूस. दर मंगळवारी क्लास. स्नो पडो, काही पडो, कॅन्सल म्हणून केला नाही. आणि माझ्या माहेरच्या कानडीचं एक वाक्य आलं नाही त्याला शेवटपर्यंत.’

काकूंच्या तोंडी काका कायम ‘हे’ असायचे. ‘हा माणूस’ मी पहिल्यांदाच ऐकला आणि मला फार वाईट वाटलं.

‘कुणाकडून वाचून का नाही घेतलीत? इथे रशियन येणारे ढिगाने आहेत.’

‘म्हणजे पुढच्या पॉटलकच्या जेवणाला सगळ्यांना कळू दे. मला वाचायची नाहीत ती. तिची आहेत, तिला परत दे. ज्या दिवशी ही सापडली ना, त्या दिवशी मी बियांची सगळी पाकिटं गार्बेजमध्ये टाकली. त्यात माझी बरणीपण गेली. आईचं बी गेलं. तो ट्रक वळल्यावर माझ्या लक्षात आलं.’

त्या उठून सिंकपाशी गेल्या आणि स्वच्छ असलेला कप धुवायला लागल्या.

‘तिला भेटशील तेव्हा एवढंच बघून ये,’ माझ्याकडे पाठ ठेवून त्या म्हणाल्या, ‘की या अठरा वर्षांत मी कुठे होते का.’

असं पार्सल मी आजवर नेलं नव्हतं. मिक्सर परवडला.

टॉम्स्क मला पाहताक्षणी आवडलं, हे आधी सांगून टाकतो, कारण मी सायबेरिया म्हणजे नुसता बर्फ आणि तुरुंग अशा समजुतीत गेलो होतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जुनी लाकडी घरं होती, काळी पडलेली, काही तर जमिनीत थोडी खचलेली. पण प्रत्येक खिडकीभोवती लाकडात कोरलेली झालर होती आणि कुठल्याही दोन खिडक्यांची झालर सारखी नव्हती. युनिव्हर्सिटी शंभर वर्षांची, पांढरी, बर्चच्या झाडांत उभी. पानं पिवळी झाली होती. पायऱ्यांवर पोरंपोरी चिलगोज्यासारख्या बिया फोडत, टरफलं थुंकत बसली होती आणि परीक्षेबद्दल कुरकुरत असावीत, कारण चेहरे अगदी ॲन आर्बरसारखे होते. दुकानांत काचेच्या बरण्यांपलीकडे फारसं काही नव्हतं, पण ज्याच्या घरी गेलो त्याने टेबलावर होतं नव्हतं ते सगळं मांडलं. मी फोटो काढत सुटलो. परत आल्यावर तीस माणसांना जेवू घालून अंधारात स्लाइड्स दाखवायच्या, हा आमच्या गावचा नियमच आहे. अर्धी माणसं झोपतात, पण दाखवाव्या लागतात.

खोका तीन दिवस हॉटेलच्या खोलीत पडून होता. बाईला काय विचारायचं, हेच मला सुचत नव्हतं. शेवटच्या दिवशी दुभाषी बाईंना सोबत घेऊन मी बागेत गेलो.

गालिना साठीच्या घरातल्या, बुटक्या, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, नखांत माती. मी ॲन आर्बरहून आलोय म्हटल्यावर त्या ‘बाळ?’ एवढंच म्हणाल्या. मी नकाराची मान हलवली. पत्रं थांबली तेव्हाच मला वाटलं होतं, असं त्या म्हणाल्या आणि एका पालथ्या कुंडीवर बसल्या. थोड्या वेळाने त्यांनी डोळे पुसले आणि दुभाषी बाईंकडे न बघता सरळ मला विचारलं, ‘आणि वसुधा?’

काकूंचं नाव त्या तोंडून ऐकून मी चपापलोच. वसुधाकाकू बऱ्या आहेत, असं काहीतरी पुटपुटलो. त्यांनी माझा हात धरला आणि मला काचेच्या एका मोठ्या घरात नेलं. आत पुण्याच्या मे महिन्यासारखं उकडत होतं. माझा चष्मा धुरकटला. तो पुसून वर पाहिलं, तर तारेच्या मांडवावरून पडवळ लोंबत होतं. त्याच्या टोकाला सुतळी होती आणि सुतळीला दगड.

झाडापानांतलं मला काही कळत नाही. पण तो दगड मला कळला. मी हसायला लागलो आणि हसता हसता मला रडू आलं. दुभाषी बाईंना वाटलं, मला उकाडा सोसत नाही.

मग गालिनांनी लाकडी खण उघडून कार्डं काढली. बागेत आलेल्या प्रत्येक बियाण्याचं एक कार्ड असतं, आणि ते बी कुणी वाढवलं, कुणी दिलं, हे त्यावर लिहावंच लागतं. अठरा कार्डं होती, १९६८ ते १९८५. प्रत्येकावर इंग्लिश अक्षरांत एकच नाव होतं: वसुधा दामले, ॲन आर्बर. काका दर वर्षी पाकिटात सहा बिया घालत आणि कागदावर बायकोचं नाव लिहीत. दगड कसा बांधायचा, याचं चित्रही त्यांनीच काढून पाठवलं होतं.

मी खोका पुढे केला. गालिनांनी वरचं पत्र उघडून पहिली ओळ वाचली आणि दुभाषी बाईंनी ती मला सांगितली. ‘प्रिय वसुधा आणि बाळ.’ दुसऱ्या पत्रात तेच, तिसऱ्यात तेच. प्रत्येक पत्रात पडवळाची खबर होती. कितवं पान आलं, खिडकीची फट लागल्यावर वेल कसा रुसला, हे वसुधाला सांगा, ते वसुधाला विचारा. आणि वेल फुलला याचा पुरावा म्हणून त्या वर्षीचं एक फूल.

‘ही मी परत कशी घेऊ?’ गालिना म्हणाल्या. ‘यातली अर्धी तिची आहेत.’

त्यांनी खोक्याबरोबर एक लहान पाकीट दिलं. त्यात बारा बिया होत्या आणि कस्टमसाठी शिक्क्याचा कागद होता.

परत आल्यावर रविवारी दुपारी मी प्रोजेक्टर घेऊन काकूंकडे गेलो. विनीता म्हणाली होती, तोंडाने सांगू नकोस, तू सांगशील तर गोंधळ घालशील, दाखव. काकूंनी दार उघडलं आणि माझ्या काखेतला खोका बघून त्यांचा चेहरा उतरला.

‘दिला नाहीस?’

‘घेतला नाही तिने. आधी बसा तुम्ही.’

स्वयंपाकघराचे पडदे ओढले, फ्रिजवरचं कॅलेंडर आणि मॅग्नेट काढले आणि फ्रिजच्या दारावरच स्लाइड टाकली. पहिली एका लाकडी खिडकीची होती.

‘झालर कशी पडवळाच्या फुलासारखी आहे,’ काकू सहज म्हणाल्या आणि त्यांनी टेबलावरचा खोका दूर सरकवला.

मी पुढची स्लाइड टाकली.

काचेच्या घरातलं पडवळ फ्रिजवर लोंबू लागलं. प्रोजेक्टरचा पंखा फिरत होता. काकू उठून फ्रिजपाशी गेल्या. त्यांच्या हातावर, पांढऱ्या केसांवर हिरवा उजेड पडला. त्यांनी चित्रातल्या दगडावर बोट ठेवलं.

‘जड आहे हा,’ त्या म्हणाल्या. ‘एवढ्याशा पडवळाला एवढा दगड बांधतात का? देठातून तुटेल.’

मी कार्डाची स्लाइड टाकली. स्वतःचं नाव त्यांनी वाचलं, मग पुन्हा जवळ जाऊन वाचलं. सहा बियांचं मी सांगितलं तेव्हा त्या एकदम उसळल्या.

‘म्हणजे खारी नव्हत्या त्या. दर वर्षी मी बी वाळत घालायची आणि दर वर्षी सहासात कमी. खारींना शिव्या देत होते मी अठरा वर्षं. मला सांगायला काय झालं होतं यांना?’

‘मागितलं असतं तर दिलं असतंत?’

‘नसतं दिलं,’ काकू तडक म्हणाल्या. आणि मग हळू आवाजात, ‘विनीताला नाही दिलं, तर यांना कुठलं देते.’

‘काकांनी चोरी केली खरी. पण नाव मालकिणीचं लिहिलं.’

त्यावर त्या हसल्या आणि हसताना त्यांचा बांध फुटला. तीन वर्षांचं साठलेलं होतं. मी उठून पडदे उघडले आणि उगाच बाहेर बघत उभा राहिलो. मांडवाचे चार खांब अजून तसेच होते.

रडून झाल्यावर त्यांनी खोका ओढून घेतला. एका पत्रातलं फूल तळहातावर घेतलं. तपकिरी, चुरगळलेलं, बोट लावलं तर भुगा होईल असं.

‘माझंच फूल,’ त्या म्हणाल्या. ‘आणि मी ओळखलं नाही.’

मग त्यांनी रवीला फोन लावला. ‘रवी, तुझ्या बॅकयार्डात मांडव घालायला जागा आहे का रे?’ पलीकडून मोठ्याने आलेलं ‘व्हॉट्स अ मांडव, आई?’ मलासुद्धा ऐकू आलं. ‘आल्यावर सांगते,’ म्हणून त्यांनी फोन ठेवला, पाकीट फोडून बिया टेबलावर ओतल्या आणि बोटाने दोन वाटे केले. सहा एका रिकाम्या बरणीत टाकल्या. सहा कागदात बांधून माझ्यापुढे सरकवल्या.

‘विनीताला दे. मे महिन्यात लाव म्हणावं, आधी नको. आणि शनिवारी तुझ्याकडे स्लाइड शो आहे ना, त्यात ही दाखव. पडवळाची. कार्डाचीपण.’

‘नक्की?’

‘हो. झोपू देऊ नकोस कुणाला.’

मी निघालो तेव्हा त्यांनी मला परत हाक मारली. हातात पॅड आणि पेन होतं.

‘तुझ्या त्या दुभाषी बाईंना पाठवता येईल ना पत्र? इंग्लिशमध्ये लिही तू, त्या वाचून दाखवतील तिला. लिही, दगड लहान बांध.’

मी उभ्याउभ्याच लिहिलं. काकूंनी वाकून ते वाचलं.

‘आणि लिही, फुलं मिळाली. अठराही.’