सोबत : तीन पाने

“असं कुठलंही पत्र आमच्या मंत्रालयाला मिळालेलं नाही,” असं मंत्री टीव्हीवर म्हणाले, तेव्हा मी कॅन्टीनमध्ये डब्याचं झाकण लावत होते.

“मिळालंय की,” मी म्हटलं.

इतक्या मोठ्यानं म्हणायचं नव्हतं. पण मंत्रालयात येणारा प्रत्येक कागद एकतीस वर्षं जिनं स्वतःच्या हातानं घेतला, तिच्या तोंडून दुसरं काय निघणार? शेजारच्या टंकलेखिकेचा चमचा तोंडाशीच थांबला. टीव्हीवर आता त्या पत्राची प्रत दाखवत होते. वरच्या कोपऱ्यात आमच्या बारनिशीचा शिक्का, गेल्या आठवड्यातल्या गुरुवारची तारीख आणि शिक्क्याखाली शेपटी वर गेलेली छोटी सही. ती सही माझी होती.

“डॉक्टरांच्या संघटनेनं दाखवलेला हा शिक्का बनावट आहे,” मंत्री म्हणाले.

बारनिशी म्हणजे जिथं टपाल येतं, त्याची नोंद होते आणि मग ते ज्याचं त्याच्याकडे जातं ती खोली. संरक्षण मंत्रालयाची बारनिशी म्हणजे मी. ऑफिसात मला पोचबाई म्हणतात, तोंडावरसुद्धा. पोच दिल्याशिवाय मी काही घेत नाही आणि घेतल्याशिवाय काही देत नाही. नवऱ्यानं भाजी आणली तरी आधी यादी मागते, असं तो पाहुण्यांना सांगतो. खोटं नाही ते. तर अशा बाईची सही बनावट? माझ्या डोक्यात तिडीक गेली.

शेजारच्या देशाशी आमची लढाई सुरू होऊन पाच महिने झाले होते. मंगळवारी सकाळी आमच्या विमानांनी सीमेपलीकडच्या एका गावातलं बाळंतपणाचं हॉस्पिटल पाडलं. चौतीस माणसं गेली. त्यातल्या अकरा बाळांना तर जन्मून आठवडाही झाला नव्हता. लढाईलाही कायदा असतो. हॉस्पिटलावर बॉम्ब टाकायचा नाही, हा त्यातला सगळ्यात जुना. उद्या कुणी ‘आम्हाला माहीत नव्हतं’ म्हणू नये यासाठी डॉक्टरांच्या संघटना हॉस्पिटलांचे पत्ते नकाशावरच्या आकड्यांसकट दोन्ही बाजूंना कळवतात. ‘तसं आम्ही कळवलं होतं,’ असं ही संघटना म्हणत होती. आणि आमचे मंत्री नाही म्हणत होते.

तीन जिने मी रागाच्या भरात चढले. माझ्या मनात गोष्ट अगदी सरळ होती. मी पत्र वर पाठवलं, वरच्या कुणीतरी ते दाबलं आणि आता माझी सही खोटी ठरवायला निघालेत. नोंदवही उघडली. गुरुवारचं पान. नोंद होती. पाठवणाऱ्याचं नाव होतं. विषय होता, रुग्णालयांची ठिकाणे कळविणेबाबत. शेवटचा रकाना, ‘कोणाकडे दिले’.

तो कोरा होता.

मी चष्मा पुसला. परत पाहिलं. वरच्या ओळीत सही होती, खालच्या ओळीत सही होती, मधलाच रकाना कोरा. मग माझी नजर टेबलाच्या सगळ्यात खालच्या कप्प्याकडे गेली.

या कप्प्याबद्दल सांगायला हवं. वीस वर्षांपूर्वी एका पत्राचं एक पान कमी निघालं म्हणून तेव्हाच्या साहेबांनी मला सगळ्यांसमोर नको नको ते ऐकवलं. त्या दिवसापासून मी नियम केला. पत्राच्या तळाशी ‘सोबत : तीन पाने’ असं लिहिलेलं असेल तर पानं मोजायची. तीन भरली तर पत्र पुढं. दोन भरली तर पत्र ‘अपूर्ण’च्या कप्प्यात, तिसरं येईपर्यंत. पुढे मंत्रालयानं हा नियम सगळ्या शाखांना लावला. नव्यानं नोकरीला लागणाऱ्यांना माझा कप्पा दाखवायला आणत. मी त्यांच्यासमोर तो ओढून दाखवी, अगदी कौतुकानं.

गुरुवारी सुटायच्या पाच मिनिटं आधी संघटनेचा माणूस मोटारसायकलवरून आला होता. त्याच्या प्रतीवर मी शिक्का मारला, सही केली आणि घरी गेले. शुक्रवारी सकाळी पानं मोजली. पत्र तीन पानं म्हणत होतं, जोडलेली दोन होती. वाचलं का? नाही. बारनिशीत वाचायचं नसतं, मोजायचं असतं. हेही मी नव्यांना सांगत असे.

कप्पा ओढला. सगळ्यात वर तेच पत्र. पहिल्या जोडपानावर सात हॉस्पिटलांची यादी, चौथ्या क्रमांकावर बाळंतपणाचं. दुसऱ्यावर नकाशा. शुक्रवारपासून ते माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर होतं. मंगळवारी सकाळी मी याच खुर्चीत बसून पेन्सिलींना टोक करत होते.

टेबलावर त्या दिवशीचं टपाल न फोडता पडलं होतं. मला काय वाटलं कोण जाणे, मी ते फोडायला घेतलं. चौथ्याच पाकिटात तिसरं पान निघालं. सातही हॉस्पिटलांचे फोन नंबर, बस. टाचणीनं एक चिठ्ठी लावलेली होती, ‘हे पान जोडायचे राहून गेले. गैरसोयीबद्दल क्षमस्व.’ चिठ्ठीवर सोमवारची तारीख होती. क्षमा ते मागत होते.

उपसचिवांचा फोन आला. “ताई, नोंदवही घेऊन जरा वर येता?”

हे उपसचिव माझ्या मुलाच्या वयाचे. माझ्यासमोर कधी बसून बोलले नाहीत, आधी मला बसवायचे आणि मग स्वतः बसायचे. असा साहेब नशिबानं मिळतो. त्यांनी दार लावलं.

“या पानावर पाणी सांडलं असं समजा,” ते म्हणाले. “नवीन वही आणून देतो. या पत्राची नोंद बुधवारची करायची, हल्ल्याच्या दुसऱ्या दिवसाची. बाकी सगळं तसंच ठेवा. तुम्हाला त्रास होणार नाही हे मी बघेन.”

मी वही टेबलावर ठेवली. वहीवर पत्र ठेवलं, पत्रावर तिसरं पान.

“हे माझ्याकडेच होतं, साहेब,” मी म्हटलं. “एक पान कमी होतं म्हणून मी पुढं पाठवलंच नाही.”

त्यांनी पत्र उलटंसुलटं करून पाहिलं. आधी त्यांना समजेना. मग त्यांचा चेहरा असा सैल झाला की मला वाटलं, आता हे हसणार. हसले नाहीत, पण खांदे खाली आले.

“म्हणजे आमच्यापर्यंत आलंच नाही.”

“नाही.”

“म्हणजे मंत्री खरंच बोलले.”

मी तिसरं पान वहीच्या कडेशी जुळवून ठेवलं.

“मग वही बदलायची गरजच काय? शिक्का खरा आहे, खालून चुकीची माहिती मिळाली असं मंत्री म्हणतील. खरं तेच सांगू आपण. तुमच्याकडून चूक झाली. माणसाकडून होते. नियमाप्रमाणे वागताना झाली, हे तर आणखीच चांगलं.”

“चांगलं?” मी म्हटलं. “साहेब, मी चौतीस माणसं मारली.”

आणि मला रडू फुटलं. ऑफिसात एकतीस वर्षांत मी रडले नव्हते. ते टेबलाला वळसा घालून आले, माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले. पाण्याचा ग्लास माझ्या हातात दिला.

“असं मनाला लावून घेऊ नका हो,” ते हळू आवाजात म्हणाले. “तुम्हाला म्हणून सांगतो. पत्र त्याच दिवशी वर आलं असतं तरी काही फरक पडला नसता. ती यादी आमच्याकडे महिनाभरापासून आहे. बाहेरच्या एका दूतावासातून आली होती.”

“मग?”

“मग काय. त्या गावात त्यांचं सैन्य होतं. वर ठरलं.” त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. “तुम्ही शांत व्हा. पाणी प्या.”

मी सगळा ग्लास प्याले.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, एका लिपिकाची चूक. नाव नव्हतं. तोवर आंतरराष्ट्रीय चौकशी आयोगाला सरकार देशात पाऊल ठेवू देत नव्हतं. आता ‘या’ म्हणालं, कारण आता सरकारकडे मी होते. ऑफिसात कुणी मला वाकडं बोललं नाही. टंकलेखिका रोज येऊन पाठीवर हात फिरवून जायची. मंत्र्यांच्या कार्यालयातून एक माणूस येऊन माझा जबाब कसा असावा ते समजावून गेला. त्यानं एक शब्दही खोटा सांगायला सांगितला नाही. कप्पा, नियम, दोन पानं, मंगळवार. सगळं खरं होतं. आणि ते मी सांगितलं की तेवढ्यावर सगळं मिटणार होतं.

जबाबाच्या आदल्या संध्याकाळी मी नवऱ्याला काय ते सांगितलं. तो बस चालवायचा, आता घरी असतो आणि माझ्या वाटणीची भांडणं शेजाऱ्यांशी करतो. ऐकताना त्यानं वर्तमानपत्राची घडी घातली, मग आणखी एक घडी घातली.

“तुला विचारणार काय?” तो म्हणाला. “कप्प्याचं. मग कप्प्याचं सांग नि मोकळी हो.”

“आणि यादीचं?”

“ते तुला कुणी विचारलंय? तू ती पाहिलीस? नाही. एकानं बंद खोलीत सांगितलं. उद्या तो नाही म्हणाला तर?”

“नाही म्हणेल कदाचित.”

“तुझे सहा महिने राहिलेत. निरोपाच्या दिवशी हार नको, निदान हाकलून तरी नको घालवायला.” तो थांबला. “आणि त्या पोरानं तुला दया म्हणून सांगितलं. त्याच्या पोटावर पाय येईल.”

हे मात्र मला लागलं. सरकारचं काय ते सरकार बघून घेईल, पण मला आधी बसवणारा तो मुलगा. मी दोन रात्री त्याचाच विचार करत होते.

“मला कशाला विचारतेस मग?” नवरा म्हणाला.

“विचारत नाहीये. सांगतेय.”

त्यानं डोक्याला हात लावला. मग उठून ब्रश शोधला आणि माझ्या चपलांचा चिखल काढत बसला.

आयोग एका कॉलेजच्या परीक्षेच्या हॉलमध्ये बसला होता. तीन देशांचे तिघं. मध्ये अध्यक्ष, पांढऱ्या केसांच्या एक बाई. बाजूला दुभाषा. उपसचिव मला मंत्रालयाच्या गाडीतून घेऊन आले होते, ते मागच्या बाकावर बसले. मी कप्प्याचं सांगितलं. एकही सबब काढली नाही. पानं मोजली पण वाचली नाहीत हे सांगताना आवाज फाटला, तर दुभाषा थांबून राहिला.

“तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल आभार,” अध्यक्षबाई म्हणाल्या. त्यांनी पेनाचं टोपण लावलं. “आणखी काही सांगायचं आहे?”

हे त्या सगळ्यांनाच विचारत असणार, रीत म्हणून.

“हो,” मी म्हटलं. “माझं पत्र पोचलं असतं तरी हॉस्पिटल पाडलंच असतं. ती यादी मंत्रालयात महिनाभरापासून होती. आमच्या उपसचिवांनी मला सांगितलं.”

दुभाष्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. “पुन्हा सांगा,” तो मला म्हणाला. मी पुन्हा सांगितलं, शब्द सुटे करून. मागे बाक सरकल्याचा आवाज आला. मी वळून पाहिलं नाही. अध्यक्षबाईंनी टोपण काढलं आणि पुढचा सव्वा तास त्यांनी ते परत लावलं नाही. कधी म्हणाले, कुठं म्हणाले, कोणत्या शब्दांत म्हणाले. वर ठरलं म्हणजे कुणी ठरवलं? ते मला माहीत नाही, मी सांगितलं. माझी चूक माझी आहे, ती मी कुणाला देत नाही. पण ती एवढीच आहे, आणि तिच्याआड लपायला मी कुणाला देणार नाही. हे बोलताना मी टेबलाची कड धरून ठेवली होती. धीट बायका कशा बोलतात ते मला माहीत नाही.

जबाब वाचून, प्रत्येक पानावर सही करून मी बाहेर आले. व्हरांड्यात उपसचिव एकटेच उभे होते. टाय सैल झालेला, चेहरा पांढरा पडलेला. ओरडतील असं वाटलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

“ताई,” ते म्हणाले, “मी ते तुम्हाला धीर द्यायला बोललो होतो.”

“हो, साहेब.”

“फक्त तेवढ्यासाठी.”

“आला होता ना धीर,” मी म्हटलं. “यादी महिनाभर वर होती, हॉस्पिटल आहे हे माहीत असून पाडलं, हे तुम्ही सांगितलंत. आणि मला पहिल्यांदा काय वाटलं, माहितीये? हायसं वाटलं. चला, आपल्यामुळे नाही झालं. अकरा तान्ही मुलं, साहेब. आणि मला हायसं वाटलं. ते मला आतमध्ये सांगता आलं नाही. तुम्हाला सांगतेय.”

त्यांनी मान खाली घातली. व्हरांड्याच्या टोकाला बाहेर पडायचं दार होतं. ते पुढं झाले आणि नेहमीसारखं त्यांनी माझ्यासाठी ते उघडून धरलं. मी बाहेर पडले, गाडीला वळसा घालून बसथांब्यापर्यंत चालत गेले. तिथून पाहिलं तर ते अजून दार धरूनच उभे होते.