कंट्रोल सत्तावीस

"एकच रक्त दोन नळ्यांत गेलंय, राजमअक्का," नंदिता म्हणाली. "दुसरं काही असूच शकत नाही."

राजमने हातातला रक्ताच्या नळ्यांचा डबा टेबलावर ठेवला. एकतीस वर्षं तिने तंजावूरच्या या ना त्या दवाखान्यात लोकांची रक्तं काढली होती. बाकीच्यांनी हात टेकले की अवघड नसेची माणसं तिच्याकडे पाठवत. आणि तिच्या हातून असली चूक? तिला चांगलाच राग आला. पुण्याहून येऊन या पोरीला अजून आठ महिनेही झाले नव्हते.

नंदिताचं संशोधन हृदयाच्या एका दुखण्यावर होतं. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या उतरायचं आणि हृदयाचं मांस हळूहळू निबर करायचं, असलं ते दुखणं. अशा रोग्यांच्या रक्तात एक मायक्रोआरएनए, म्हणजे जनुकीय अक्षरांचा चिमुकला तुकडा, वाढलेला असतो, असा तिचा अंदाज. माणूस धडधाकट दिसत असतानाच तो आतली चुगली करतो म्हणे, आणि उद्या त्यालाच गप्प करणारं औषध निघालं तर दुखणं वाटेतच अडवता येईल. राजमला या प्राण्याचं भारी कुतूहल. पहिल्याच आठवड्यात तिने विचारून घेतलं, असतो तरी केवढा? बावीस अक्षरांचा, असं कळल्यावर तिने स्वतःचं, नवऱ्याचं, गल्लीचं आणि गावाचं नाव बोटांवर मोजलं आणि जाहीर केलं की याच्यापेक्षा माझा पत्ता मोठा. मग एवढासा जीव हृदयावर हुकूम कसा चालवतो? नंदिता म्हणाली, तो हुकूम देत नाही, दुसऱ्यांचे हुकूम दाबून ठेवतो. म्हणजे आपल्या हेडक्लार्कसारखा, राजम म्हणाली, आणि दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या होत्या.

आज हसू कुठलं यायला. रोग्यांमध्ये राजमचा नवरा वेंकटराव होता. तुलनेला निरोगी माणसं, म्हणजे कंट्रोल, हवी होती, त्याच घरात राहणारी, तेच अन्न खाणारी, पण रक्ताचं नातं नसलेली. म्हणून नंदिताने रोग्यांच्या बायकाच घेतल्या होत्या. त्यातली कंट्रोल सत्तावीस म्हणजे खुद्द राजम. आणि सत्ताविसाचा मायक्रोआरएनएचा आकडा थेट वेंकटरावांच्या आकड्याला जाऊन भिडला होता. एवढी एक चूक निघाली तर राजमने भरलेल्या बाकीच्या चारशे नळ्यांवर भरवसा कसा ठेवायचा, असं नंदिता विचारत होती.

"सुई टोचायच्या आधी लेबल लावलं मी. माझं मीच. सांगूलालें की," राजम म्हणाली.

तिचं हे तंजावुरी 'सांगूलालें', म्हणजे 'सांगतेय', ऐकलं की एरवी नंदिताला गंमत वाटायची. आज ती पुन्हा दोन्ही आकडे ताडून पाहू लागली.

राजमने आपला फॉर्म मागून घेतला. पती चुलत, आते, मामे किंवा मावसभाऊ आहे का, असा प्रश्न होता. पुढे तिच्याच अक्षरात 'नाही'. त्यात खोटं काही नव्हतं, वेंकटराव कुठलेच भाऊ नव्हते. तिने प्रश्न पुन्हा वाचला आणि 'मामे'वर तिचं बोट थांबलं.

चूक माझीच, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. नावाला बट्टा लागला असता, चारशे माणसांचं रक्त मोरीत गेलं असतं, पण तिची ती नळी खोटी ठरली असती आणि ती निरोगीच राहिली असती, निदान कागदावर.

"फोनवर मी मामा, मामा म्हणते, ते कोण वाटलं तुम्हाला?"

घरी राहायला आलेले कुणी म्हातारे मामा, असं नंदिताला वाटत होतं.

"ते आमचे हेच. माझ्या आईचे धाकटे भाऊ. आमच्यात मामाला मुलगी देतात. तुमच्या फॉर्मात मामेभाऊ आहे, मामा नाही."

नंदिता आधी गोंधळली. पुण्यात हा प्रश्न कुणाच्या स्वप्नातही आला नसता. मग तिला हायसं वाटलं, नळ्या वाचल्या म्हणून. आणि लगेच त्या हायसं वाटण्याचीच तिला इतकी लाज वाटली की तिने राजमचा हात धरला. आकड्यावरून अजून काहीच ठरत नाही, आधी इको करू, असं ती घाईघाईने सांगू लागली.

राजम ऐकत नव्हती. तिची आई एक्केचाळिसाव्या वर्षी पाण्याचा हंडा उतरवताना बसली ती उठलीच नाही. ऊन बाधलं, असं सगळे म्हणाले होते. राजमला भीती वाटत होती, तरी जीभ काही गप्प बसेना.

"माझ्यात कधीपासून असेल हो हा?"

नंदिताला ते माहीत नव्हतं. तसं तिने सरळ सांगितलं.

"सरी, ठीक आहे," म्हणत राजमने पेन घेतलं, कंट्रोलच्या यादीतलं आपलं नाव एका रेघेत खोडलं आणि वेंकटरावांच्या नावाखाली लिहिलं, बहिणीची मुलगी. मग बाहेर व्हरांड्यात जाऊन तिने कुंभकोणमला नित्याला फोन लावला. लेकीला तर दोन्हीकडून एकच घराणं.

"रविवारी सकाळी ये. येताना काही खाऊ नकोस. कॉफीपण नको."

"काय झालंय, आई?" नित्याने लगेच विचारलं. आजवर आईच्या प्रत्येक फोनची सुरुवात 'खाल्लंस का' अशी व्हायची.