संसार पुसट करणारं भस्म

हार्डवेअरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये सकाळी आठपासून रांग लागायची. जिन्यावर चपलांचा ढीग, आणि वर पस्तिशीतले, तुकतुकीत चेहऱ्याचे बाबा निद्राभस्माच्या पुड्या वाटत बसलेले. रोज तीन चिमटी भस्म, की महिनोन्‌महिने टक्क जागी असलेली माणसं गाढ झोपत. झोपत होती, हे मीही नाकारत नाही. मला संशय आला तो तिथेच. राखेनं भांडी घासतात, झोप लागत नाही.

माझं चष्म्याचं दुकान त्याच रस्त्यावर. त्या महिन्यात नवा चष्मा नेलेले सहा जण भांडत परत आले. "अहो, जवळचं दिसतच नाही, नंबर चुकलाय तुमचा!" मी यंत्र तपासलं, तक्ता बदलला. सहाही जण बाबांचे भक्त निघाले, तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली.

बाबांकडे उत्तर तयारच होतं. "तोंड कोरडं पडलं? वाणीचे दोष जळाले! जवळचं पुसट झालं? संसार सुटतोय! लांबचं दिसतंय ना? तेच तर ध्येय!" बद्धकोष्ठाचाही काही आध्यात्मिक अर्थ होता, तो इथे देत नाही.

मी हसण्यावारी नेलं असतं, पण त्या रांगेत माझी ताईही होती. भावजी गेल्यापासून तिचा डोळ्याला डोळा लागत नव्हता. ताई शिवणकाम करते. सुईत दोरा ओवता येईना, तरी म्हणायची, "अरे, बाबा म्हणतात साधनेची दुसरी पायरी आहे ही." एका दुपारी ती डोकं गच्च धरून बसली. उलटी झाली, उजवा डोळा लालभडक. "दिव्याभोवती रंगीत कडी दिसतायत रे. बाबा म्हणाले होते, तेज दिसेल!" मी डोळ्यावर बॅटरी मारली. उजेडात आकसायला हवी ती बाहुली होती तेवढीच मोठी राहिली. मी तिला तशीच रिक्षात बसवलं.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी औषधांनी आणि लेझरनं डोळ्यातला दाब उतरवला. "आणखी उशीर केला असता तर डोळा गेला होता. हे पुन्हा घेऊ नका," त्या म्हणाल्या आणि पुडी प्रयोगशाळेत पाठवली. अहवाल आला: राखेत कुटलेल्या गोळ्या. नैराश्यावरचं जुनं, गुंगी आणणारं औषध.

तरी ताईचं आपलं एकच. "बाबा स्वतः तेच घेतात. त्यांना कुठे काय होतं? मी जाणार." मग मीही तिच्याबरोबर गेलो.

"बाबा, आपणही भस्म घेता?"

"बारा वर्षं! दिवसातून तीनदा!"

"आणि दृष्टी?"

"गरुडाची!"

मी खिशातून बारीक अक्षरांचं कार्ड काढलं आणि आधी पुढच्या भक्तांना दिलं. कुणी हात लांब केला, कुणी खिडकीपाशी नेलं. एकालाही वाचता येईना. बाबांनी मात्र ते धडाधडा वाचायला घेतलं: "तोंड कोरडे पडणे, जवळचे धूसर दिसणे, बद्धकोष्ठ, गुंगी..." टाळ्या पडल्या. बाबा एकाएकी थांबले.

"पुढचंही वाचा ना, बाबा," ताई म्हणाली.

बाबांना ठसका लागला.

"मी सांगतो," मी म्हणालो. "'या गोळीचे दुष्परिणाम.' तुम्ही ज्यांना पायऱ्या म्हणता, त्या याच. आणि भस्म घेणाऱ्याला हे कार्ड वाचता येत नाही, हे आत्ताच पाहिलंत. बाबांना येतं. म्हणजे बाबा भस्म घेत नाहीत."

"पण झोप तर लागते!" मागून एक सुतार ओरडला.

"लागते, राखेत कुटून घातलेल्या गोळीनं. हीच गोळी डॉक्टरही देतात, आणि काहींना तिचा गुणही येतो. पण ते डोळे तपासतात, हृदय तपासतात, मोजून देतात. तुम्ही आता मनानं घेऊही नका, मनानं सोडूही नका. हा अहवाल घ्या आणि आजच डॉक्टरकडे चला."

बाबा मागच्या दारानं सटकले. चार-पाच जण तरीही पुड्या खिशात घालून गेले, तेही सांगायला हवं.

जिन्यात ताई रडायला लागली. "मला नुसती झोप हवी होती रे."

"मग त्यात लाजायचं काय, ताई? झोप न लागणं हा आजार आहे, पाप नव्हे."

ताईचा डोळा वाचला, पण कडेची थोडी नजर गेली ती गेलीच. म्हणून हात जोडून सांगतो, काहीही तोंडात टाकण्याआधी विचारा, 'यात काय आहे?' जो उत्तर देत नाही, त्याच्या हातची साखरसुद्धा खाऊ नका.