म्हातारीच्या कार्डावरच्या दोन ओळी

मी एक जुनी म्हातारी आहे. हाडामांसाची नव्हे, खेळाच्या कार्डावर छापलेली. माझा एक कोपरा दुमडला आहे आणि पाठीवर हळदीचे बोट उमटले आहे. मित्रांनो, मी तुम्हाला आवडणार नाही. तुम्हाला चमचमणारी कार्डे आवडतात, हे मला पुरते ठाऊक आहे.

माझा जन्म छापखान्यात झाला. माझ्यासारख्या शेकडो जणी एकदम छापल्या, कापल्या आणि पाकिटांत कोंबल्या. माझे नाव 'दलदलीची म्हातारी'. मार एक, जीव एक. चित्राखाली बारीक इंग्रजीत दोन ओळी आहेत; तीच माझी शक्ती. टेबलावर मांडलेले प्रत्येक कार्ड म्हणजे एक सैनिक, आणि त्याची शक्ती अशीच खाली लिहिलेली असते. ती केव्हा चालते आणि कोणावर चालते, हे एकेका शब्दावर ठरते. पण शब्द वाचायचे कष्ट घेतो कोण?

बेळगावात माझे पाकीट विक्रमने फोडले. हा इंग्रजी शाळेतला, फाडफाड बोलणारा मुलगा. त्याने माझे आकडे पाहिले, 'कचरा!' म्हणाला आणि मुले दर शनिवारी हा खेळ खेळायला जमत त्या वाचनालयातल्या टाकाऊ कार्डांच्या डब्यात मला भिरकावले. त्याच पाकिटात त्याला सोनेरी वर्खाचा अजगर मिळाला होता. अजगराचा मार आठ. अक्कल कार्डावर छापत नाहीत, म्हणून त्याची झाकली मूठ राहिली.

दोन वर्षे मी डब्यात पडून होते. मग जवळच्या काकती गावची मंगल आली. मराठी शाळेत सातवीत शिकणारी. पाकीट न घेता तिने डब्यातलीच चाळीस कार्डे उचलली. तिचे वडील मारुतीराव उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला. त्यांनी जुनी डिक्शनरी आणून दिली. जेवता जेवता बापलेक माझ्या ओळी लावत बसले. हळदीचे बोट तेव्हाचेच.

"आप्पा, 'टार्गेट' म्हंजे नेम. विक्रमच्या अजगराच्या कार्डावर लिवलंय, त्याच्यावर कुणालाच नेम धरता येत न्हाय."

"मग म्हातारी काय करती?"

"ती नेमच धरत न्हाय! ती मेली की समोरच्यानं आपला एक सैनिक स्वतः बळी द्यायचा. कुठला, ते त्यानंच ठरवायचं."

आप्पांनी घास ताटात ठेवला आणि मला उचलून ओळी पुन्हा लावून पाहिल्या. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणीतरी पूर्ण वाचले होते.

शनिवारी वाचनालयात सामना होता. जिंकेल तो हुबळीच्या स्पर्धेला जाणार होता. विक्रम सगळ्यांदेखत म्हणाला, "हिला कार्डावरचं इंग्लिश तरी कळतं का? हरलीस तर परत या टेबलावर यायचं नाही." मंगलचे कान लाल झाले. ती कार्डे पिसून खेळायला बसली.

तिने विक्रमचे बारके सैनिक एकेक करून संपवले. विक्रम हसत राहिला, कारण त्याचा अजगर शाबूत होता. शेवटी मंगलचे स्वतःचे तीनच प्राण उरले; अजगराचा एक मार बसला की खेळ संपला. अजगर चालून आला आणि तिने मला आडवे घातले. मी मेले.

"आता एक सैनिक बळी दे," मंगल म्हणाली.

"अजगरावर काही चालत नाही!"

"त्याच्यावर कुणी नेम धरलाय? तुझा तूच निवड की. दुसरा हाय का कोन?"

वाचनालयाच्या विनोदिनीबाईंनी चष्मा चढवून दोन्ही कार्डे वाचली. "मंगल बरोबर आहे. विक्रम, अजगर उचल."

पुढच्या दोन खेळींत मंगल सामना जिंकली आणि हुबळीला जायचे तिचे ठरले. विक्रम तणतणला, "ती म्हातारी मुळात माझीच होती!"

"व्हय, तुझीच," मंगल म्हणाली. "वाचलीवतीस कधी?"

मित्रांनो, तुम्हाला वाटेल, एवढ्यावर तो शहाणा झाला असेल. छे! त्याने माझ्यासारख्या चार म्हाताऱ्या विकत आणल्या आणि प्लास्टिकच्या वेष्टनात घालून मिरवल्या. पुढच्या शनिवारी त्यातली एक मंगलपुढे मारून घेतली आणि विजयाने हात वर केले. पण मंगलच्या बाजूला पाच सैनिक उभे होते, आणि कुठला बळी द्यायचा ते तिनेच ठरवायचे होते. तिने त्यातला एक लंगडा बेडूक बळी दिला आणि खेळ पुढे चालू ठेवला.

तेव्हा मला जपायचे असेल, तर वेष्टन नको. खाली दोन ओळी आहेत. त्या वाचा.