अनंतरावांच्या नावाची बाटली

हिंदी मुलखातल्या बुढापारा मोहल्ल्यात राहणाऱ्या अनंतरावांना शुगर होती, बीपी होतं आणि चोरून खायची खोड होती. पहिल्या दोन गोष्टी डॉक्टरला ठाऊक, तिसरी सगळ्या पाऱ्याला, म्हणजे मोहल्ल्याला. मंत्रालयातून निवृत्त झाल्यापासून तर त्यांना दुसरा उद्योगच उरला नव्हता.

पाऱ्यातल्या मंडळाने किडनी तपासणीचं शिबिर ठेवलं, तेव्हा मुलगा विशाल त्यांना जवळजवळ ओढतच घेऊन गेला. बायको इंदूताई नुसत्या सोबत आल्या होत्या. फुकट आहे तर आपलीही लघवीची बाटली देऊन टाकू, म्हणाल्या. त्यांना कधी साधी सर्दी झाल्याचंही कोणाला आठवत नव्हतं.

लघवीत प्रथिनं सापडली की खाण्यावर बंदी येते, हे अनंतरावांनी रांगेत ऐकलं. दिवाळी तोंडावर होती हो! मग या गृहस्थाने काय करावं? कोणाचं लक्ष नाही असं बघून दोन्ही बाटल्यांवरच्या नावाच्या चिठ्ठ्या अदलाबदल करून टाकल्या. साठी उलटलेला माणूस, काय म्हणावं याला!

रिपोर्ट आले. इंदूताई ठणठणीत आणि अनंतरावांच्या नावावर प्रथिनं. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की किडनी म्हणजे शरीरातली चाळणी. साखर आणि रक्तदाब वर्षानुवर्षं वाढलेले राहिले की तिची भोकं मोठी होऊन प्रथिनं लघवीत गळतात. दुखत काही नाही, म्हणून कळतही नाही. आत्ताच आवरलं तर ती सांभाळता येते, नाहीतर पुढे मशीनवर रक्त धुवावं लागतं.

आपली चाळणी शाबूत आहे याचा अनंतरावांना क्षणभर आनंद झाला. मग ती बाटली इंदूची होती हे आठवलं आणि ते खुर्चीतच गार पडले. पण खरं सांगायची छाती होईना.

घरी त्यांच्या पानात बिनमिठाचा दुधी पडला. ठणठणीत इंदूताईंनी मात्र खुशीत पापड भाजले, लोणचं वाढून घेतलं. त्यांच्या प्रत्येक घासाला अनंतरावांचा जीव खालीवर होत होता. त्यांनी पापड हिसकावला, तर विशालने हात धरला, "बाबा, आपको मना है ना." इंदूताई बालुशाहीच्या डब्याकडे वळल्या, तसे हे उठून चक्क डब्यावर जाऊन बसले.

"काहून असे करून राहिले तुम्ही?" इंदूताईंनी विचारलं.

"तो रिपोर्ट तुझा आहे. चिठ्ठ्या मी बदलल्या," अनंतराव म्हणाले. "मले काय बोलायचं ते बोल, पण तू हे खाऊ नको." आणि डब्यावर बसल्या बसल्याच त्यांना रडू फुटलं.

विशालने कपाळावर हात मारून घेतला. इंदूताई त्यांच्याजवळ खाली बसल्या. मग म्हणाल्या, घरात गोड आलं की ते यांच्या हाती लागेल याची धास्ती वाटायची, आणि अन्न फेकणंही जिवावर यायचं.

"म्हणून तुमच्या वाटचं मीच खाऊन टाकत होती. इतकी वर्षं."

दुसऱ्या दिवशी दोघं दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, यातला पेशंट नेमका कोण?

"ही," अनंतराव म्हणाले. "माह्यापायी."