खालच्याचे छप्पर, वरच्याचे अंगण

ज्या एका वस्तूवर दोन कुटुंबांचा निवारा अवलंबून असतो, तिची निगा राखणे हे दोघांचेही कर्तव्य असते. परंतु प्रत्येक जण दुसऱ्याने आधी पाऊल उचलण्याची वाट पाहू लागला, की ते कर्तव्य पोरके होते. आणि त्याचे फळ पुष्कळदा अशा जिवाच्या वाट्याला येते, ज्याला त्या वादातला एक शब्दही कळत नसतो. मित्रांनो, हे मी ऐकीव सांगत नाही. मी एक जुना दगडी रूळ आहे. हवरामान नावाच्या डोंगरी मुलखातल्या उतारावर, मातीच्या एका धाब्यावर, म्हणजे सपाट छपरावर, माझे आयुष्य गेले.

आमच्या गावातली घरे पायऱ्यांसारखी एकावर एक चढत जातात. खालच्या घराचे छप्पर तेच वरच्या घराचे अंगण. दरीतल्या खडकातून एका पाथरवटाने मला घडवले, दोन्ही टोकांना खोबणी कोरल्या आणि त्यांत लाकडी दांडा बसवला. खालच्या व वरच्या घरातल्या तेव्हाच्या कर्त्या पुरुषांनी मला खांद्यावर तोलून वर आणले. म्हणून मी दोन्ही घरांचा.

अक्रोड उतरवून झाले आणि शाहो डोंगराच्या माथ्यावर पांढरी रेघ दिसू लागली, की माझे दिवस येत. खालचे घर माती, भुसा आणि गवत उगवू नये म्हणून मीठ आणी. वरचे घर मला ओढी. माती ओलवून पसरायची, ती हाताला चिकटेनाशी झाली की माझ्या फेऱ्या सुरू व्हायच्या. भेगा मिटत, तुळयांवरची माती घट्ट बसे, आणि हिवाळाभर बर्फाचे पाणी खाली उतरत नसे. मात्र एका घराने दुसऱ्याला हाक मारल्यावाचून मला हात लावायचा नाही, अशी रीत होती. नशमील नवी सून होऊन खालच्या घरी आली, तेव्हा वरच्या घरातल्या खुर्शीदआजीने तिचा हात माझ्या दांड्यावर ठेवला होता. "याला मान दे गं पोरी," ती म्हणाली होती, "हा फिरतो म्हणून आपण निवांत निजतो." तो दिवस माझ्या गौरवाचा होता.

यंदा मात्र विपरीत घडले. वरच्या घराच्या अक्रोडाची एक फांदी धाब्यावर झुकली आहे. तिचे अक्रोड पडले आणि नशमीलने ते वेचले. खुर्शीदआजीचा मुलगा फरामर्झ संतापून बाहेर आला.

"झाड माझं, अंगण माझं, आणि टोपली तुमची?"

नशमीलचा नवरा रेबवार खालून ओरडला, "अंगण तुझं ना? मग यंदा माती तूच आण, मीठही तूच आण!"

"आणि छप्पर तुझं ना? मग रूळ तूच ओढ. मी काय तुझा बैल आहे?"

"बैल बरा. तो निदान गुमान राहतो!"

त्या दिवसापासून कोणी कोणाला हाक मारली नाही. उन्हाने भेगा रुंदावल्या, त्यांत गवत उगवले. मी कडेला पडून ढगांकडे पाहत होतो. खाली पाळण्यात नशमील आणि रेबवारची तान्ही मुलगी शनो निजत असे. कोणत्या तुळईखाली तिचा पाळणा आहे, हे मला ठाऊक होते; आणि सांगायला मला वाणी नव्हती.

मग पाऊस आला आणि थांबेना. छपरातल्या झरोक्याशी वाकून खुर्शीदआजीने विचारले, "नशमील, गळतंय का गं?"

"कुठं गळत नाही ते विचारा, आजी. पाळणा हलवून हलवून हात दुखले."

"पोरीला घेऊन वर ये."

"हे नको म्हणतात. मान खाली जाईल म्हणे."

"छप्पर खाली आलं की मान कुठं ठेवणार आहे तो?" असे पुटपुटत आजी मुलाकडे वळली. फरामर्झ चुलीत लाकूड सारीत राहिला.

दुपारी पाऊस उघडला आणि रेबवार एकटाच वर आला. हाक न मारता त्याने माझा दांडा धरला. मित्रांनो, चिंब छपरावर रूळ फिरवू नये, हे आमच्याकडे सर्वांनाच माहीत असते. भिजलेली माती दबत नाही. ती रुळाला चिकटून सोलून निघते, आणि पाण्याने जड झालेल्या तुळयांवर त्याचा भार पडतो. परंतु रागाच्या भरात माणूस माहीत असलेलेही विसरतो.

"अरे, थांब!" आजी दारातून ओरडली. "ओल्यात नको फिरवूस!"

"कोरडं होतं तेव्हा कुठं होतात तुम्ही सगळे?" म्हणत त्याने मला ओढले.

माझ्या अंगाला चिखल चिकटला. मी जडावलो. आणि माझ्याखाली तुळई कडकडली.

ज्या छपरासाठी मी जन्मलो, ते माझ्याच भाराने खचू पाहत होते. रेबवार जागच्या जागी थबकला. त्याला मला सोडवेना आणि ओढवेना. तेवढ्यात फरामर्झ अनवाणी धावत आला आणि त्याने दांड्याचे दुसरे टोक धरले.

"मागच्या भिंतीवर घे! भिंतीवर!"

रेबवार झरोक्याकडे तोंड करून किंचाळला, "नशमील! पोरीला घे, बाहेर पड!"

दोघांनी मिळून मला दगडी भिंतीवर चढवले. नशमील शनोला छातीशी धरून अंगणवाटेवर येते न येते, तोच छपराचा अर्धा भाग खाली बसला. वर्षाचा गहू, अंथरुणे, पाळणा, सारे चिखलाखाली गेले. सायंकाळी बर्फ पडू लागले.

आता दोन्ही घरे वरच्या एका खोलीत राहतात. जागा अपुरी आहे, आणि बोलणे त्याहून अपुरे. फरामर्झ लाकडे आणतो, रेबवार ती फोडतो. दोघे एकमेकांकडे पाहत नाहीत. छप्पर वसंतापर्यंत उभारता येणार नाही. मी भिंतीवर बर्फाखाली पडून आहे. मित्रांनो, आपल्या डोक्यावरचे आणि आपल्या पायांखालचे जे काही असेल, त्याची निगा ऋतू बदलण्यापूर्वी राखा. आणि हाक मारायची असेल, तर ती आपणच आधी मारा.

त्या तान्ह्या शनोला दीर्घ आयुष्य लाभो. तिच्याभोवती दाटीवाटीने बसलेल्या त्या सर्वांना या हिवाळ्यापुरती ऊब पुरो.